दोन किनाऱ्यांच्या लेकीची कहाणी

ऐक जिवतीमाये, तुझी कहाणी. समुद्राच्या काठी आटपाट बंदर होतं. तिथं शिडं शिवणारा एक कारागीर राही. त्याची बायको सगुणाबाई. पोटी मूलबाळ नव्हतं. एके वर्षी दूरदेशीचं गलबत खडकावर फुटलं. त्यातली पाच वर्षांची मुलगी तेवढी वाचली. रंगानं काळी, केसांनी कुरळी, बोली कुणाला न कळणारी. कोतवालानं तिला सगुणेच्या ओटीत घातलं, म्हणाला, हिचं कुणी येईल तोवर सांभाळ.

सगुणेला हर्ष झाला. तिनं मुलीचं नाव चंपा ठेवलं. मग तिला आपल्यासारखी करायला घेतलं. रोज डाळीचं पीठ लावून घासावं, रंग उजळेना. रोज तेल चोपडून केस ओढावे, केस सरळ होईनात. मुलगी आपलं गाणं गुणगुणू लागली की सगुणा तिच्या ओठांवर बोट ठेवी. माया खोटी नव्हती. लोकांनी परकी म्हणू नये, कुणी मागायला येऊ नये, एवढंच मनात.

मग काय झालं? मुलीचं हसू गेलं. मग बोलणं गेलं. मग श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी सगुणा लेकीला ओवाळायला बसली. तबकाच्या पितळेत ज्योत दिसली, आपलं तोंड दिसलं, मुलीचं तोंड काही दिसेना.

सगुणा रडली. रडता रडता दुपारी देवापुढंच तिचा डोळा लागला. स्वप्नात पाणीच पाणी. पाण्यावरून एक म्हातारी चालत आली. कडेवर मूल, खांद्यावर मूल, पदराला मूल. कुणी गोरं, कुणी काळं, कुणी पिंगट केसांचं. सगुणेनं विचारलं, माझी चंपा कुठं हरवली?

म्हातारी म्हणाली, "चंपा मी घडवलीच नाही. जी घडवली, तिला तू कधी हाक मारली नाहीस."

सगुणा पायां पडली, उपाय विचारला. म्हातारीनं वसा दिला. पुढचे तीन शुक्रवार करावे. मुलीच्या मुलखाची बाई शोधावी. तिला पाटावर बसवावं, आपण जमिनीवर बसावं, आणि मुलीचं जे जे असेल ते शिकून घ्यावं.

सगुणा म्हणाली, "मग ती मला सोडून गेली तर?"

"तो धाक तुझा आहे. तिच्या अंगावर घालू नको."

सगुणा जागी झाली. धक्क्यावर गेली. मुलीच्याच मुलखाची, मरियामा नावाची एका खलाशाची बायको भेटली, तिला हात धरून घरी आणली. पहिल्या शुक्रवारी मरियामानं मुलीला तिच्या बोलीत नाव विचारलं. ती हळूच म्हणाली, बाहाती. दुसऱ्या शुक्रवारी सगुणा गाणं शिकली. शब्द चुकले, तशी बाहाती हसली. तिसऱ्या शुक्रवारी वेण्या शिकली, बारीक बारीक, डोक्याला चिकटून जाणाऱ्या. परकीला पाटावर बसवलं म्हणून शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. सगुणेनं वसा सोडला नाही. त्याच संध्याकाळी ओवाळलं, तर तबकात लेकीचं तोंड लख्ख दिसलं.

मग वैशाखात वारा फिरला. त्या वाऱ्यावर बाहातीची सख्खी मावशी शोधत आली. सगुणेला वाटलं, दाराला कडी घालावी. हात कडीपर्यंत गेला. मग तिनं दार उघडलं आणि स्वतःच हाक मारली, बाहाती. मावशीनं मुलीला पोटाशी धरलं. मावशीबरोबर आलेल्या कोतवालानं विचारलं, मुली, तू कुणाची?

बाहाती म्हणाली, "मावशीची. आणि आईची. एकीचं नाव सांगायला लावू नका."

मावशी पावसाळाभर सगुणेच्या घरी राहिली. मार्गशीर्षात उलटा वारा सुटला, तशी भाचीला घेऊन गेली. सगुणा धक्क्यावर उभी राहिली. गलबत ठिपक्याएवढं झालं, मग तेही दिसेना. घर सुनं झालं. सगुणा रोज गाणं म्हणे, शब्द विसरू नयेत म्हणून. पुन्हा वैशाख आला, वारा फिरला. बाहाती बोटभर वाढून उतरली, धावत आली, आणि आधी म्हणाली, आई, भूक लागली. तेव्हापासून अर्धं वरीस तिकडे, अर्धं वरीस इकडे.

जिवतीमाय सगुणेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. परक्या ओटीत पडलेल्या लेकराला त्याच्या नावानं हाक मिळो. साठां बोलांची ही कहाणी पांचां बोलांत सांगितली, ऐकणारीच्या पदरी सुफळ झाली.