येसाक्काचं रडं

फार वर्षांपूर्वीची, नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. धामणवाडीत येसाक्का नावाची सुईण होती. तिच्या मांडीला भारी गुण होता. रडून घर डोक्यावर घेणारं पोर तिनं मांडीवर घेतलं की गप्प व्हायचं. ती नुसतं ‘हुं हुं’ करायची. असं म्हणतात, ते ऐकून गोठ्यातली हंबरणारी वासरंसुद्धा डोळे मिटायची. येसाक्काला या गुणाचा थोडा तोराही होता, कशाला खोटं बोला.

सगुणा पहिलटकरीण. तिचा तान्हा रंगनाथ रडला की त्याच्या जांघेत लिंबाएवढी गाठ यायची. सगुणा त्याला उचलून येसाक्काकडे धावायची. पण तिथं मांडीवर पोर गप्प, आणि गाठ गायब. दरवेळी तेच.

“सोन्यावानी हाय लेकरू,” येसाक्का म्हणायची. “पहिलटकरणीला समदीकडं गाठीच दिसत्यात.”

बायका हसायच्या. सगुणा मान खाली घालून घरी यायची.

आणि श्रावणात एका सकाळी गाठ आली ती गेलीच नाही. दगडासारखी टणक झाली, पोट फुगलं, पोर हिरवं ओकू लागलं. या खेपेला ते येसाक्काच्या मांडीवरही गप्प होईना. इतके दिवस आपल्याच मांडीनं गाठ लपवली, हे तिला कळलं.

डॉक्टर नदीपलीकडे, आणि नदी दुथडी भरलेली. नावाड्यानं हात जोडले. येसाक्कानं पोर छातीशी बांधलं, सगुणाचा हात धरला आणि पाण्यात पाऊल टाकलं. पोर तर ऐकेना, म्हणून ती नदीलाच म्हणाली, “हुं हुं.” असं म्हणतात, नदी तान्ह्या लेकरासारखी निजली, आणि दोघी घोटाभर पाण्यातून पार गेल्या.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून गाठीत अडकलेलं आतडं सोडवलं. पोर वाचलं.

“गाठ आधी कुणी पाहिली होती?” त्यांनी विचारलं.

येसाक्कानं सगुणाला पुढं केलं. “हिनं. म्या ऐकलं न्हाई.”

आता नदीवर पूल आहे. पण धामणवाडीत अजून बारशाला, पाळण्यात घालण्याआधी, बाळाला भर उजेडात उघडं ठेवून थोडं रडू देतात. कुणी ‘हुं हुं’ करायचं नाही. बायका जांघ बघतात, बेंबी बघतात. याला येसाक्काचं रडं म्हणतात. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई बाळंतिणीसमोर बसते आणि विचारते, “तुला काय दिसलं गं, बाय?”

ती बोलेपर्यंत घुगऱ्यांना कुणी हात लावत नाही.