घाऱ्या डोळ्यांचे औषध

एकदा एक व्यापारी सुनेला आणि तान्ह्या नातीला घेऊन एका वृद्ध वैद्यांच्या दारी आला. नात आजारी नव्हती. चांगली गुटगुटीत होती आणि आईच्या कडेवरून अंगणातल्या शेळीकडे टक लावून पाहत होती. सुनेचे डोळे मात्र रडून सुजले होते.

वैद्यांपाशी एक शिष्य शिकत होता. नेत्ररोगांचे प्रकरण त्याने नुकतेच पाठ केले होते आणि डोळ्यांचा रोगी कधी येतो याची तो वाटच पाहत होता. नव्या वैद्याला सगळे गावच आजारी दिसते, त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

“वैद्यबुवा, पोरीच्या डोळ्यांना औषध हवंय,” व्यापारी म्हणाला.

“पाणी येतं? चिपडं धरतात?” शिष्याने विचारले.

“नाही. रंग गेलाय.”

वैद्यांनी त्याला ओसरीवर बसवले, पाणी दिले आणि सगळे पहिल्यापासून सांगायला लावले.

व्यापाऱ्याची पत्नी काही वर्षांपूर्वी वारली होती. तिचे डोळे घारे होते. त्या घरात, त्या गल्लीत तसे डोळे दुसऱ्या कोणाचे नव्हते. ती गेल्यापासून दुकान चालले होते, जेवणखाण चालले होते, पण संध्याकाळी घरी परतताना उंबऱ्याशी त्याचे पाऊल अडखळे, कारण आत त्याची वाट पाहणारे ते डोळे नव्हते. पत्नीचे नाव वेणू. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याने ते लग्नात घास भरवताना उखाण्यात काय घेतले असेल तेवढेच. नंतर जन्मभर ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यांवरच संसार झाला. ती गेल्यावर हाक मारायला नाव होते, पण ओ द्यायला कोणी नव्हते.

मग नात झाली. तिचे डोळे उघडले तेव्हा ते राखाडी होते आणि उजेडात त्यांत घारी झाक दिसे. व्यापारी हरखून गेला. बारशाला त्याने हट्टाने मुलीचे नाव वेणू ठेवले. आता दिवसभर घरात ते नाव मोठ्याने घेता येऊ लागले. जे आयुष्यभर ओठांशी अडले होते, ते तो अंगणातून, माजघरातून, दुकानाच्या पायरीवरून हाकारू लागला. नातेवाईक बायका बाळाच्या वर्णावरून कुजबुजत होत्या. सुनेला नऊ महिने केशराचे दूध पाजले, जांभळांना हात लावू दिला नाही, तरी मूल आईसारखे सावळेच कसे, याचे त्यांना कोडे पडले होते. व्यापारी त्यांना हसे. त्याला रंगाशी कर्तव्य नव्हते, डोळ्यांशी होते.

आणि तेच डोळे हळूहळू बदलले. रोज सकाळी तो मुलीला खिडकीशी नेई, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवी आणि वाकून पाही. महिन्या-महिन्याने घारेपण ओसरत गेले. आता डोळे पिकल्या करवंदासारखे काळेभोर झाले होते. पत्नी आपल्याला दुसऱ्यांदा सोडून चालली आहे असे त्याला वाटले. त्याने मुलीला नावाने हाक मारणे सोडून दिले.

“हिनं काजळ घातलं,” सुनेकडे न पाहता तो म्हणाला. “रोज न्हाऊ घातलं की बोट भरून काजळ. ते आत मुरलं. मी बंद करवलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. बाजारात एक जण आहे, तो म्हणतो काळेपण कापणारं अंजन देतो. थोडं झोंबतं म्हणे. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. तुमच्याकडे नसलं तर त्याच्याकडे जाईन.”

सुनेने मुलीला छातीशी घट्ट धरले. “घरच्या तुपाचंच काजळ होतं, मामंजी,” ती हळू आवाजात म्हणाली. हे ती किती वेळा म्हणाली असेल ते तिच्या स्वरावरून कळत होते.

शिष्य अंजनाच्या डबीकडे हात नेणार, तोच वैद्य उठले. त्यांनी व्यापाऱ्याला उत्तर दिले नाही. अंगणाकडे वळून त्यांनी हाक मारली, “काळे, ये गं.”

अंगणात एकच शेळी होती, आणि ती पांढरीशुभ्र होती. हाक ऐकताच ती चालत आली. वैद्यांनी तिच्या कपाळावर हात फिरवला. “आज चरली नाहीस का, काळे?”

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. एवढ्या लांब येऊन गाठला तो आंधळा वैद्य, असे त्याच्या मनात आले असणार. “बुवा,” तो जपून म्हणाला, “शेळी पांढरी आहे.”

“दिसते मला. डोळे शाबूत आहेत अजून.” वैद्य हसले. “हिची आई मात्र कोळशासारखी काळी होती. माझी मंडळी अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटचे दिवस त्या शेळीच्या दुधावर गेले. पुढं तीही म्हातारी झाली. मला फार वाटायचं, तिच्या रंगाचं एक करडू मागं राहावं. झालं ते हे, बोकडावर गेलेलं. रागानं मी चार दिवस हिच्याकडे पाहिलं नाही. मग एकदा चुकून हिच्या आईच्या नावानंच हाक मारली, तर ही आली.”

“पण हिच्यात आईचं काय आलं?”

“निम्मं आलं. ऐका शेठजी. प्रत्येक जिवाला रंगाचं एक बीज आईकडून मिळतं, एक बापाकडून. त्यातलं एखादं दांडगं असतं, ते पुढं येऊन उभं राहतं. दुसरं बुजरं, ते मागं राहतं. मागं राहतं, मरत नाही. पांढऱ्या शेळीला काळं करडू झालेलं पाहिलं असेल तुम्ही.”

“पाहिलंय. लोक म्हणतात दृष्ट लागली.”

“लोकांना म्हणू दे. डोळ्यांचंही बरंचसं असंच असतं. काळ्याचं बीज दांडगं, घाऱ्याचं बुजरं. तुमच्या मुलाचे डोळे काळे, पण आईचं बीज त्याच्यात आहेच. त्यानं लेकीला ते दिलं असेल, नाहीतर तुमचं दिलं असेल. कोणतं, ते मी सांगू शकत नाही. आणि काही बाळांच्या डोळ्यांत जन्मतः रंग पुरता उतरलेला नसतो, म्हणून ते फिके दिसतात. पुढं तो आतून भरत जातो. काजळ न घातलेलंच बरं, पण या रंगाचा आळ त्याच्यावर नको, आणि या सुनेवरही नको.” त्यांनी सुनेकडे पाहिले. “कातडीच्या रंगाला तर अशी पुष्कळ बीजं लागतात, म्हणून तो दोघांच्या मिसळणीतून कमीजास्त उतरतो. केशरानं दूध तेवढं पिवळं होतं.”

व्यापाऱ्याने अगदी लहान आवाजात विचारले, “म्हणजे पुढं कधीतरी, हिच्या पोटी तरी...?”

“कदाचित. हिच्याकडं ते बीज असलं आणि हिच्या नवऱ्याकडूनही तसलंच आलं, तर. तेव्हा तुम्ही नसाल, मीही नसेन.”

“मग मी कुणाकडं पाहू, बुवा?” व्यापाऱ्याचा आवाज फुटला. “मला तिची फार आठवण येते.”

वैद्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “यायचीच. आठवणीवर माझ्याकडे औषध नाही. पण एवढं ध्यानात घ्या. रोज सकाळी तुम्ही या पोरीच्या डोळ्यांत वाकून दुसऱ्या कुणाला तरी शोधता. ती बिचारी तिथं बसून तुमच्याकडंच पाहत असते. तिला वाटत असेल, आजोबा रोज मला बघायला येतात.”

व्यापाऱ्याने मान खाली घातली. शिष्याने डबी परत फळीवर ठेवली आणि तो तिथेच उभा राहिला.

थोड्या वेळाने व्यापाऱ्याने डोळे पुसले आणि भीत भीत हाक मारली, “वेणू.”

मुलीने लगेच त्याच्याकडे मान वळवली. तो चकित झाला. दोन महिने त्याने ते नाव उच्चारले नव्हते. “हिला कसं कळलं?”

“मी मारते हाक, मामंजी,” सून म्हणाली. “तुम्ही दुकानात गेल्यावर.”

त्याने हात पुढे केले आणि सुनेने मुलीला त्याच्याकडे दिले.

ती तिघे निघाली तेव्हा शिष्य फाटकापर्यंत पोचवायला गेला. व्यापारी मुलीला कडेवर घेऊन पुढे चालला होता आणि तिला तिच्या आजीबद्दल काहीतरी सांगत होता. अंतर वाढले तसे शिष्याला शब्द ऐकू येईनासे झाले. मुलगी मधूनच मान वर करून आजोबांच्या तोंडाकडे पाही, आणि मग तो बोलणे थांबवून तिच्याकडे पाही.