कच्ची वडी

नदीकाठच्या एका जंगलात एक म्हातारी वानरी राहत असे. साबण करावा तो तिनेच! लाकडाची राख भिजवून ती खारे पाणी गाळून घेई, त्यात करंजाचे आणि खोबऱ्याचे तेल ओतून हात दुखेपर्यंत घोटत बसे आणि मग वड्या थापून सावलीत ठेवी. पण ताजी वडी कोणाला देईल तर शपथ! "चाळीस दिवस मुरू दे. जिभेला झोंबते तोवर ती कच्चीच," असे ती बजावी. माकडांची पोरे चिडवत, "आजी, तोवर आमचा मळही मुरेल की!"

एकदा एक सशीण आपल्या एकुलत्या एका पिल्लाला घेऊन आली. पिल्लाला खरूज झाली होती आणि खाजवून खाजवून अंग सोलवटले होते. "आजी, एक वडी द्या हो. कडुनिंबाचं पाणीही करून झालं," सशीण म्हणाली.

"बाई गं, जुन्या वड्या संपल्या. या थापून नऊच दिवस झालेत."

सशीण परत फिरली. तेवढ्यात पिल्लू कण्हत म्हणाले, "आजी, मला झोपच येत नाही."

मुलांनो, म्हातारीचे काळीज ते! तिने एक वडी उचलून जिभेला लावली. ती चांगलीच झोंबली. तरीही "एकदाच लावायची आहे, काय होतंय?" असे मनाशी म्हणत तिने ती सशिणीला दिली.

सशिणीने नदीवर पिल्लाला चोळून चोळून न्हाऊ घातले. कच्च्या साबणाने ते सोललेले अंग पार भाजून निघाले. त्याचा टाहो ऐकून वानरी धावली. तिने पाणी ओतले, कोरफडीचा गर लावला. पण जीव तो केवढासा! तिसऱ्या दिवशी पिल्लू गेले.

"तुम्ही मायेनंच दिलीत, आजी," एवढेच सशीण म्हणाली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे वानरीला वाटले.

चाळीस दिवस भरले. वानरीने राहिलेल्या वड्यांतली एक जिभेला लावली. ती जराही झोंबली नाही. ती वडी उराशी धरून म्हातारी ढसाढसा रडली.

तात्पर्य : माया कितीही खरी असली तरी कच्चे ते कच्चेच; जिथे 'नाही' म्हणायला हवे, तिथे मायेनेच 'नाही' म्हणावे.