मागच्या सीटवरचे खड्डे

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात अच्युत नावाचा एक गाडीवेडा माणूस राहायचा. मनाने चांगला, पण गाडीचा विषय निघाला की स्वतःही जेवत नसे आणि समोरच्यालाही जेवू देत नसे.

त्याने गाडीला हादरे झेलणारे नवे शॉकअप बसवले होते. प्रत्येक चाकापाशी एक गोल किल्ली होती. ती एकेक खटका फिरवली की शॉकअप कडक किंवा मऊ होई. अच्युतने चारही पार कडक करून ठेवले. मग काय, वळणावर गाडी रस्त्याला घोरपडीसारखी चिकटायची. "घाटात मला कुणी मागे टाकून दाखवावं," असं तो चारचौघांत सांगायचा.

घाटापलीकडच्या दवाखान्यात त्याची बायको निर्मला दर मंगळवारी मणक्याच्या उपचारांना जायची. अच्युत तिला हौसेने न्यायचा. पाय लांब करता यावेत म्हणून ती मागे बसे. खड्ड्यात गाडी आदळली की तिच्या कमरेतून कळ निघे. पण नवऱ्याची हौस तिला ठाऊक होती, म्हणून बिचारी ओठ दाबून बसे. शेवटी एकदा म्हणाली, "मला आता बरं वाटतंय. उपचार पुरेत." खोटंच ते, पण मायेचं. अच्युतला ते खरं वाटलं आणि तो खूश झाला.

दोन दिवसांनी टायर दाखवायला दोघं दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात थांबले. निर्मला दाराला धरून, श्वास रोखून उतरली. मिस्त्रींनी ते पाहिलं.

"साहेब, गाडी मी चालवतो. तुम्ही जरा म्हागं बसा."

स्वतःच्या गाडीत अच्युत कधी मागे बसलाच नव्हता. पहिल्याच खड्ड्यात तो "आई गं!" म्हणून ओरडला. दुसऱ्यात डोकं छताला लागलं. चालवताना खड्डा त्याला आधी दिसायचा, हाताला स्टिअरिंगचा आधार असायचा. मागे यातलं काहीच नव्हतं. इतके दिवस निर्मलाने हे सोसलं आणि म्हणूनच उपचार पुरेत म्हणाली, या विचाराने त्याला फार वाईट वाटलं.

घाईघाईत त्याने चारही शॉकअप पार मऊ करून टाकले आणि मंगळवारी तिला आग्रहाने दवाखान्यात न्यायला निघाला. खड्डे जाणवेनात, पण घाटात गाडी वळणावळणाला डुलू लागली. चौथ्या वळणावर निर्मलाला उलटी झाली आणि दोघं अर्ध्या वाटेवरून परतले.

"कडक केलं तरी त्रास, मऊ केलं तरी त्रास! करू तरी काय?" तो मिस्त्रींपुढे वैतागला.

"दोन्ही येळेला तुम्हीच ठरवलं की," मिस्त्री म्हणाले. "वैनींना इचारलं का?"

 दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दोघांना कामाला लावलं. शॉकअप पुन्हा कडक करून एका वेळी दोनच खटके मऊ करायचे, ओढ्याच्या पुलापर्यंत जाऊन यायचं आणि निर्मलाला विचारायचं. पहिल्या फेरीला ती म्हणाली, "ठीक आहे."

"ठीक न्हाई चालायचं वैनी. कुठं दुखतंय ते सांगा."

मग ती हळूहळू सांगू लागली. पाचव्या फेरीला तर तिने स्वतःहून गाडी थांबवली. "मागचे अजून दोन खटके मऊ करा. आणि वळणावर तुम्ही जरा दमानं घ्या. त्याला काही किल्ली फिरवावी लागत नाही."

पुढच्या मंगळवारी दोघं पुन्हा निघाले. घाटात मागून एका जीपने हॉर्न वाजवला. अच्युतचा पाय शिवशिवला. पण त्याने गाडी डावीकडे घेतली आणि जीपला वाट दिली. जीप धुरळा उडवत पुढे निघून गेली.

"येत्या मंगळवारी थोडं लवकर निघू," मागून निर्मला म्हणाली, "म्हणजे असंच सावकाश जाता येईल."

तात्पर्य: गाडी सुखाची आहे की नाही, हे चालवणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. ज्याला हादरे बसतात त्याला विचारावं, आणि तो "ठीक आहे" म्हणाला तर पुन्हा विचारावं.