सदबानं इंजिन बदललं

कासारकोंडी नावाच्या गावात एक भोळा मेकॅनिक होता. भोळा हा शब्द गावाचा. गाव सभ्य होतं, म्हणून तेवढ्यावरच भागवलं होतं. त्याचं नाव सदबा लोहार. वय चाळीस. हाताला अशी कला की गंजून बसलेला बोल्टसुद्धा त्याचं ऐकायचा. खोड एकच होती. सदबाही ऐकायचा. सांगितलेलं जसंच्या तसं. असा आज्ञाधारक माणूस मिळावा म्हणून लोक नवस बोलतात. दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात तो नवस न बोलताच आला होता.

एक दिवस त्या गॅरेजात रत्नाआक्कांची गाडी आली. आली कसली, ट्रॅक्टरला बांधून आणली. लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी, चाळीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार. आक्कांचे मालक डॉक्टर होते, त्यांनी हौसेनं घेतलेली. तालुक्याला दर साली जुन्या गाड्यांची फेरी निघते, तिच्यात सगळ्यांच्या पुढं डॉक्टरांची गाडी असायची. डॉक्टर वारले आणि त्याच साली गाडीचं इंजिनही जाम झालं. दोन वर्षं गाडी फेरीला गेली नाही. यंदाही स्वतःच्या चाकांवर आली नाही, तर डॉक्टरांचं नाव यादीतून काढू, असं फेरीवाल्यांनी कळवलं होतं. आक्का सहासष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या होत्या, त्या एवढ्यासाठीच.

"मिस्त्री, ह्यांचं नाव पुसू द्यायचं न्हाई मला," आक्का म्हणाल्या. "एकदा तरी ती गाडी मी स्वतः चालवत न्हेणार."

"न्हेणार म्हंजे न्हेणारच, आक्का," मिस्त्री म्हणाले.

जुनं इंजिन काही दुरुस्त होण्यातलं नव्हतं. मिस्त्रींनी एका अपघातात गेलेल्या मोटारीचं धडधाकट इंजिन ठरवलं. ते ठरवून घरी आले आणि त्यांची कंबर धरली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस फळीवर निजायला सांगितलं. फेरी बरोबर पंधरा दिवसांवर होती. आता सगळी भिस्त सदबावर. गावाला हे कळलं तेव्हा गावानं आक्कांना फार मनापासून शुभेच्छा दिल्या.

मिस्त्री फळीवरून म्हणाले, "सदबा, आधी जुनं इंजिन खोल. आणि लेका, जे जिथलं हाय ते तिथंच ऱ्हाऊ दे. एक बोल्ट हरवता कामा नये."

"बरं मिस्त्री."

संध्याकाळी सदबा घामानं निथळत आला.

"किती बोल्ट खोललेस?"

"छत्तीस."

"शाब्बास! आणि ठेवलेस कुठं?"

"जिथलं तिथं. खोलला की परत पिळून बसवला. एक हरवला असंल तर शपथ."

मिस्त्रींनी डोळे मिटले. उघडले तेव्हाही सदबा समोरच होता.

"अरे, गाडीतनं जे बाहेर निघंल त्याला चिठ्ठी लावायची. कुठलं, कसलं, ते लिहायचं."

"आधी सांगायचं न्हाई व्हय? उद्या तसं करतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच सगळ्या बोल्टांना चिठ्ठ्या लावल्या. दुपारी आक्का आल्या. सहज म्हणून गाडीत बसल्या, स्टिअरिंगवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि बाहेर निघाल्या. तशाच बाजारात गेल्या, पोस्टात गेल्या, भजनी मंडळात जाऊन आल्या. सगळीकडं लोक त्यांच्या पाठीकडं बघून अदबीनं बाजूला होत होते. घरी सुनेनं चिठ्ठी काढून वाचली. 'उजव्या सीटवरची. जुनी हाय पण चालू. परत तिथंच बसवायची.'

"गाडीतनं बाहेर निघाल्या, म्हणून लावली," सदबानं सांगितलं.

"अरे, दारात कोण आलं तर चिठ्ठी लावत न्हाईत!" मिस्त्री कळवळले. कंबरेमुळं असेल. "हात जोडायचं, खुर्ची द्यायची, च्या पाजायचा!"

"ध्यानात ठेवतो, मिस्त्री."

त्यानं ठेवलं. चौथ्या दिवशी टेम्पोतून नवं इंजिन दारात आलं. सदबानं हात जोडले. चेनपुलीनं उचलून त्याला गॅरेजातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. खुर्ची गेली. पाहुण्यासमोर खुर्चीचं काय घेऊन बसायचं, म्हणून सदबानं तिचा विषयच काढला नाही. मग तेलाचं झाकण उघडून त्यानं चहा ओतला.

"किती?" मिस्त्रींनी बारीक आवाजात विचारलं.

"साडेतीन कप. जादा साखरेचा. आधी घेतच नव्हतं, मग घेतलं."

ते इंजिन चार वेळा धुऊन काढावं लागलं. धुवायला सांगितल्यावर सदबानं ते असं धुतलं की कंपनीतूनसुद्धा इतकं स्वच्छ निघालं नसेल. हाच तर वैताग होता. कामात त्याच्या खोट काढायची सोयच नव्हती.

इंजिन बसवताना ते एका कोपऱ्यावर अडू लागलं. जुनी गाडी, दुसऱ्या गाडीचं इंजिन, असं व्हायचंच.

"अडतंय तिथं काप," मिस्त्री म्हणाले.

त्यानं पत्र्याचा नेमका बोटभर तुकडा कापला. इंजिन असं चपखल बसलं की बघत राहावं. अकराव्या दिवशी, बुधवारी, आक्कांनी स्वतः चावी फिरवली. गाडी गुरगुरली. आक्का गाडीत बसल्या बसल्या रडल्या. बघायला आलेले दोघं-चौघं रडले. सदबाही रडला, पण त्याला वाटलं, एवढं करून काहीतरी चुकलंच असणार.

आक्का घरी गेल्या आणि डॉक्टरांची चामडी टोपी डोक्याला बसेल अशी शिवून घ्यायला बसल्या. इकडं सदबा गाडी बाहेर काढायला गेला. गाडीचा आरसा दाराच्या खांबाला अडला. सदबानं खांब कापला. मग गाडी निघाली. तिच्यामागून गॅरेजचा निम्मा पत्राही निघाला.

"अडत हुतं. कापलं," सदबा म्हणाला.

"अरे माझ्या बाबा!" मिस्त्री रडकुंडीला आले. "तो खांब माझ्या वडलांच्या वेळचा! नवं आणि जुनं जुळंना झालं, तर जुन्याला हात लावायचा नसतो. नवं हाय, त्यानं बाजूला व्हायचं! टाक डोक्यात!"

"टाकलं, मिस्त्री."

आणि टाकलं असं, की तिथं दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही.

गुरुवारी मिस्त्रींनी शेवटची दोन कामं सांगितली. अक्षर न् अक्षर मोजून सांगितली. आता चुकायला वावच नको.

"शनवारी आरटीओचं साहेब गाडी तपासायला येणार. गाडीच्या पुस्तकातला इंजिनाचा नंबर आणि गाडीतल्या इंजिनाचा नंबर जुळला पायजे. न्हाई जुळला तर गाडी रस्त्यावर न्हाई. नंबर बदलायचा अर्ज टेबलावर हाय, त्येवढं बघून घे. आणि उद्या सांजच्याला भंगारवाला येईल. गाडीतनं काढलेलं इंजिन त्याला देऊन टाक."

"बरं मिस्त्री. काळजी करू नगा."

मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोपले.

फेरीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, साहेब आले. आक्का टोपी घालून आल्या. गाव तर आलंच. मिस्त्रींनाही राहवेना. चौघांनी त्यांना फळीसकट उचलून आणलं. साहेबांनी टॉर्च मारून बॉनेटखाली बघितलं. एका हातात आरसी बुक. एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला.

"अर्जात इंजिन बदललं असं लिहिलंय," साहेब म्हणाले. "पण नंबर तर पुस्तकातलाच आहे. तंतोतंत."

मिस्त्रींनी फळीवरून मान उचलली.

"बदललं हुतं, साहेब," सदबा अभिमानानं म्हणाला. "पण नंबर जुळंना. पुस्तक पडलं जुनं, डॉक्टरसाहेबांच्या वेळचं. जुन्याला हात लावायचा न्हाई. म्हणून नवं इंजिन काढून बाजूला केलं आणि जुनं परत बसवलं. अकरा दिवसांचं काम, दोन दिवसांत उलटं केलं बघा."

आक्कांनी टोपी सावरली, गाडीत बसल्या आणि चावी फिरवली. गाडीतून खट्ट असा एक आवाज आला. त्यांनी परत फिरवली. तेवढाही आला नाही.

"सदबा," आक्का टोपी काढत म्हणाल्या. "नवं इंजिन कुठाय?"

"काल भंगारवाल्यानं न्हेलं. मिस्त्री म्हणालं हुतं, गाडीतनं काढलेलं त्याला द्यायचं. काल तर तेच काढलेलं हुतं न्हवं?"

मिस्त्री फळीवरून उठले. पंधरा दिवसांचं दुखणं एका क्षणात बरं झालं, आणि पुढच्या क्षणी डबल होऊन परत आलं.

साहेब नियमाचे माणूस होते. नंबर जुळला होता. गाडी चालते का, हा त्यांच्या फॉर्मवर प्रश्नच नव्हता. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद सदबाच्या हातात दिला.

आक्का स्टिअरिंगवर डोकं टेकून बसल्या होत्या. डॉक्टरांची टोपी मांडीवर पडली होती. सदबाला ते बघवेना. तो हळूच जवळ गेला आणि कागद त्यांच्यापुढं धरून म्हणाला,

"आक्का, रडू नगा. सही-शिक्क्याचा पक्का कागद हाय. आता ही गाडी कुणाच्या बापाला आडवता यायची न्हाई!"