नागाईचा ढीग

वैरटोल्याच्या देवीच्या देवळामागे खड्यांचा एक ढीग आहे. त्यावर गवत उगवत नाही. गावात कोणावर चोरीचा आळ घ्यायचा असेल, तर आळ घेणाऱ्याने आधी या ढिगापाशी येऊन स्वतःचे उपरणे झाडावे, अशी रीत आहे. तिचे मूळ देवळाचे वृद्ध गुरव पांडुजी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात.

राजांच्या काळी येथे हिऱ्यांची खाण होती म्हणे. हरपाळ नावाचा मक्तेदार ती चालवी. नागाई नावाची विधवा धुतलेल्या रेतीतून हिरे वेची. हिऱ्याचा सौदा तेव्हा न बोलता होई. विकणारा आणि घेणारा हिऱ्यावर शेला टाकून त्याखाली हात घालीत व बोटे दाबून भाव ठरवीत.

एकदा परमुलखातल्या एका व्यापाऱ्याशी हरपाळाचे जमले नाही. रागाने त्याने हात हिसडून घेतला आणि शेला खांद्यावर टाकला. शेल्याखालचा हिरा मात्र कोठे दिसेना. जवळ नागाई रेती वेचीत बसली होती. आळ तिच्यावर आला. सूर्यास्तापर्यंत हिरा न मिळाल्यास तिचा उजवा हात तोडावा, असे हरपाळाने फर्मावले.

नागाई म्हणाली, "मालक, आधी आपला शेला झाडून पाहा."

"वेचणारणीने मक्तेदाराची झडती घ्यायची?" हरपाळ हसला. "उद्या गाढव कुंभाराला हाकील. तू आपली रेती चाळ, बाई."

"चाळते. पण हिरा सापडेपर्यंत पाण्याचा घोट घेणार नाही. देवी बघते आहे."

वैशाखाच्या उन्हात ती चाळीत राहिली. चाळलेल्या खड्यांचा ढीग वाढत गेला. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने तो मागे सारला. सूर्य टेकला तेव्हा ती त्याच ढिगावर कलंडली.

घाम टिपण्यासाठी हरपाळाने खांद्यावरचा शेला ओढला. घडीतून हिरा खड्यांवर पडला.

त्याने धावत जाऊन तिच्या ओठांना तांब्या लावला. पाणी ओघळून खड्यांत जिरले. असे सांगतात की, त्याने तो हिरा उचललाच नाही. मक्ता सोडून तो उरलेले आयुष्य खाणीवरच्या माणसांना पाणी पाजीत राहिला.

खाण केव्हाच बुजली. आजही आळ घ्यायला निघालेला माणूस येथे येऊन उपरणे झाडतो. बहुधा त्यातून काहीच पडत नाही. मात्र परत जाताना त्याचा आवाज खाली आलेला असतो.