शालनचं शेवटचं वाक्य

“...मग ती खरं काय म्हणाली होती, सर?”

कुलथे सर सोड्यात लिंबू पिळत होते. ग्लासात बी पडली. ती त्यांनी सावकाश चमच्यानं काढली.

“कोण?”

“शालन. माझी बायको. दवाखान्यात, शेवटी. मी पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं होतं, याच टेबलावर.”

“तू लिहिलंयस की. अर्ध्या सांगलीला पाठ आहे.”

“ते मी लिहिलेलं झालं. ती काय म्हणाली, ते विचारतोय.”

सरांनी ग्लास उचलला, आणि न पिताच खाली ठेवला.

सांगलीच्या बसस्टँडामागे ‘रानजाई’ नावाची परमिट रूम आहे. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू व्हायच्या आधी, तिथं लोक स्वतःवर बेतलेलं लिहून आणतात आणि वाचतात. हा उद्योग कुलथे सरांचा. जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला, दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत, आणि म्हातारपणी बारमध्ये येऊन बसले. कुणी विचारलं तर म्हणत, “वाचनालयात माणूस खोटं बोलला तर टाळ्या पडतात. इथं निदान कुणी तरी उठून लघवीला जातो.”

रानजाईत टाळ्या नसत. वाचलेलं आत कुठं लागलं, तर ऐकणाऱ्यानं टेबलावर बोटांनी ठोकायचं. तेवढीच दाद.

सरांपुढं बसलेला श्रीरंग पाटणकर हा बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून तो इथं येऊ लागला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा टेबलावर एक बोट वाजलं नाही. शालनचं वाक्य अगदीच साधं होतं. मग त्यानं ते थोडं बदललं. थोडी बोटं वाजली. आणखी बदललं. बोटं कुठं वाजतात तिकडं कान, आणि हात लेखणीवर! शेवटी शालन म्हणू लागली, “अहो, मी गेल्यावर खिडकी उघडी ठेवा. चिमण्या आपल्या घरी येऊन परत जायला नकोत.”

त्या दिवशी टेबलं दणाणली होती. मग मिरज, मग कोल्हापूर, मग पुणे. श्रीरंगला शिंगं फुटली. नव्यानं येणाऱ्यांना तो ‘दुःख कसं मांडावं’ हेही सांगू लागला.

आणि गेल्या आठवड्यात मेहुणी घरी आली. तिनं ते वाचलं, कागद घडी करून परत दिला आणि म्हणाली, “दाजी, अक्का असलं कधी बोलली नसती.”

श्रीरंगनं तोंड उघडलं. खरं वाक्य सांगायला म्हणूनच उघडलं होतं. आत काहीच नव्हतं.

तेव्हापासून तो शोधत होता. डोळे मिटले की खिडकी आणि चिमण्या. बत्तीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला, ती आता त्याच्या अक्षरात बोलत होती. ती एकदा गेली तेव्हा निदान दवाखान्यानं मृत्यूचा कागद तरी दिला होता. आताच्या जाण्याची कुणाकडं दादही मागता येत नव्हती.

“सर, काहीतरी साधं होतं हो. दुधाचं असेल. धोब्याचं असेल. तुम्ही ऐकलंय. पहिला कागद मी ठेवला नाही, आणि तेव्हा ऐकणारे बाकीचे विसरले. तुमच्याशिवाय आता कुणाकडं नाही ते.”

“मला चिमण्याच आठवतात,” सर म्हणाले.

“त्याच्या आधीचं...”

“त्याच्या आधीचं पुसलं गेलं. चांगलं वाक्य आहे तुझं. फार चांगलं.”

श्रीरंगला वाटलं, म्हाताऱ्यानं कानाखाली मारली असती तर परवडलं असतं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी शेंगदाणे सोलत होतं. त्या आवाजाचा त्याला भयंकर राग आला.

“मी आज वाचत नाही,” तो म्हणाला.

“वाच.”

“खोटं आहे ते, सर.”

सरांनी हात पुढं केला. श्रीरंगनं कागद दिले. सरांनी शेवटचं पान काढलं, शालनच्या वाक्याच्या जरा वर घडी घातली आणि नखानं दाबली. वाक्य मागं गेलं.

“इथवर वाच. मग थांब. तिचं आलं, तर म्हण. नाही आलं, तर खाली ये.”

“आणि लोक?”

“लोकांना काय...”

श्रीरंग माइकपाशी गेला. वाचू लागला. रिक्षा, पाऊस, डॉक्टरचा चेहरा, सलाइनची बाटली. आवाज आपोआप जिथं जड व्हायचा तिथं जड झाला. त्या सवयीची त्याला किळस आली. मग घडी आली.

तो थांबला.

पंखा फिरत होता. आत कढईत काहीतरी तळलं जात होतं. श्रीरंगनं डोळे मिटले. चिमण्या आल्या. त्यानं त्यांना हाकललं. त्या परत आल्या, त्यानं परत हाकललं...

मग कॉटवरची शालन दिसली. ओठ सुकलेले. ती त्याच्याकडं बघून काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते. आवाज नव्हता. त्यानं कानात प्राण आणले. ती सांगतच होती, जरा वैतागून, नेहमी वैतागायची तशी. एक अक्षर ऐकू आलं नाही.

श्रीरंग उभाच राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी त्यानं कागद खिशात घातले आणि माइकपासून बाजूला झाला.

एक बोट वाजलं. मग दुसरं. मग सगळी टेबलं. अशी दाद रानजाईत कुणाला मिळाली नव्हती. एक बाई पदरानं डोळे पुसत होती. “काय थांबला! पट्टीचा वाचणारा,” कुणीतरी म्हणालं.

तो सरांसमोर येऊन बसला. तोंड पांढरं पडलं होतं.

“त्यांना वाटलं, मी मुद्दाम थांबलो.”

सरांनी ग्लासातला चमचा काढून बाजूला ठेवला.

“वाक्य गेलं, सर. कायमचं गेलं. मीच घालवलं.” त्याला रडू येत होतं, आणि आपण रडताना कसे दिसतो हेही कळत होतं, म्हणून तो रडला नाही. “नुसते ओठ हलताना दिसले. काही ऐकूच येत नाही. आता पुढच्या वेळी मी काय वाचू?”

कुलथे सरांनी सोड्याचा ग्लास त्याच्यापुढं सरकवला.

“मध्ये बोलू नकोस. ती अजून सांगतेय.”